मदत हवी आहे: नवीन टायर लावल्यापासून आरसी (रिमोट कंट्रोल) गाडी उजव्या वळणात उड्या मारते

पिनियन
रविवारी रेस आहे, म्हणून घाईत लिहितोय. नवीन टायर लावल्यापासून गाडी उजव्या वळणात मागून उड्या मारते. टकटकटक करत बाहेर सरकते आणि मग गर्रकन फिरते. डाव्या वळणात काही त्रास नाही. सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटल दिला की शेपूट हलवते.

शॉकचं तेल बदललं, आधी जाड, मग पातळ. मागच्या स्प्रिंगा मऊ लावल्या. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) कमीजास्त केला. काडीचा फरक नाही. तेल नेमकं कोणतं घालू? ज्यांनी स्वतः पळवल्या आहेत त्यांनीच सांगा, प्लीज.

नौपाडाकर
गाडी कुठली, स्केल काय, टायर कुठले, पळवता कशावर? यातलं एकही लिहिलेलं नाही. तेलाचा आकडा कोण कशाच्या आधारावर सांगणार?

गॅरेजमामा
उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा दोष डाव्या बाजूला शोधा. आमच्याकडे गाडी थरथरते म्हणून गिऱ्हाईक आलं की आम्ही पहिल्यांदा चाकं डावी-उजवी करून एक चक्कर मारतो. दोष चाकाबरोबर गेला तर चाकात आहे, जागेवर राहिला तर सस्पेन्शनमध्ये. टायरच्या कडेला फुगवटा आला असेल तर त्या टायरवर हायवेला जाऊ नका. हवा थंड टायरमध्ये तपासा, पळवून आणल्यावर नाही. आणि बॅलन्सिंग करताना जुनी वजनं काढून मग नवी लावतात की नाही तेही उभं राहून बघा.

सानिका_व
मामा, ही रिमोट कंट्रोलची रेस गाडी आहे. टायरमध्ये हवा भरत नाहीत, आत फोमचा इन्सर्ट (गोल पट्टी) असतो आणि टायर रिमला चिकटवलेला असतो.

गॅरेजमामा
असू दे की. चार चाकं आहेत, स्प्रिंग आहेत, शॉक आहेत. चाकं बदलून बघायला पैसे पडत नाहीत.

पिनियन
टूरिंगच (सपाट रस्त्यावरची रेस गाडी) आहे, अजून काय असणार. १/१०, साकुरा एक्सआय स्पोर्ट, बेल्टवाली. १७.५ टर्नची मोटर, २एस (दोन सेलची) बॅटरी. सेकंडहँड घेतलीय. घणसोलीत आमच्या मागच्या डांबरी पार्किंगमध्ये पळवतो. रेस ठाण्यात आहे, तीही डांबरावरच.

मामा, धन्यवाद, पण जुन्या टायरवर गाडी बरी चालत होती. नवीन टायरची ग्रिप जास्त आहे, म्हणून सस्पेन्शन कमी पडतंय असं माझं मत. मला तेलाचा आकडा हवाय.

खाडीपलीकडे
मी खारघरला पळवतो, उत्तर माझ्याकडून घ्या. पहिली गोष्ट, तेलाचा जाडपणा डब्ल्यूटीमध्ये ('वेट'च्या आकड्यात) धरू नका. एका कंपनीचं ३५ दुसऱ्या कंपनीच्या ३५ शी जुळत नाही. बाटलीवर सीएसटी (जाडपणाचं ठरलेलं माप) लिहिलेलं असतं, तोच आकडा धरा. दुसरी गोष्ट, सिलिकॉन तेल गरम झालं की पातळ होतं. युरोपातल्या कुणाची तरी सेटअप शीट उचलून ३०० सीएसटी घातलं आणि ऑक्टोबर हीटमध्ये भर दुपारी आपल्या डांबरावर गाडी पळवली, तर डॅम्पिंग (शॉकची उसळी दाबायची ताकद) बरंच कमी होतं. गाडी उड्या मारणारच. ४५० घाला, मागे ५०० घातलं तरी चालेल. मी वर्षभर तेच वापरतो.

नौपाडाकर
त्याने जाड तेल घालून पाहिलंय, तसं लिहिलंय. शिवाय तेल पातळ असतं तर दोन्ही वळणांत उड्या मारल्या असत्या. एकाच बाजूचा दोष तेलाच्या आकड्याने कसा जाईल?

खाडीपलीकडे
एका शॉकमध्ये हवेचा बुडबुडा राहिला असेल तर एकाच बाजूला होतं. तेल भरल्यावर पिस्टन वरखाली करून शॉक उभा ठेवायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे, मगच टोपी लावायची. लोक घाई करतात.

नौपाडाकर
हे मान्य. पण मग प्रश्न तेल भरण्याच्या पद्धतीचा झाला, ४५० चा नाही.

ऑफरोडवाला
टायरला भोकं आहेत का? माझ्या १/८ बगीच्या (मातीत उड्या मारणाऱ्या आरसी गाडीच्या) प्रत्येक टायरला मी ट्रेडमध्ये (जमिनीला लागणाऱ्या भागात) दोन भोकं पाडतो, समोरासमोर. आतली हवा बाहेर जायला वाट मिळाली नाही तर टायर चेंडूसारखा उसळतो. पंच नसेल तर चामड्याचा बेल्ट भोकायचं हत्यार चालतं. आजच पाडा.

सानिका_व
पिनियन, कृपया भोकं पाडू नका. बगी उडी मारून खाली येते तेव्हा टायर पूर्ण दबतो, म्हणून तिथे हवेला वाट लागते. डांबरावरच्या टूरिंग टायरला ट्रेडमध्ये भोक पाडलं तर तिथूनच तो फाटायला सुरुवात होईल. रिमला बारीक छिद्रं असतात, तेवढी पुरतात.

त्यापेक्षा हे सांगा: टायर तुम्ही स्वतः चिकटवलेत की चिकटवलेले विकत घेतलेत? कुठला कंपाउंड (रबराचा प्रकार)? आणि ओल्या जमिनीवर गाडी पळवली होती का? रिमच्या छिद्रातून पाणी आत गेलं की फोम ते धरून ठेवतो आणि चाकाचा तोल जातो. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसानंतर माझ्याकडे दोन चाकं अशीच आली होती. हलवली की आत खळखळ ऐकू येत होती.

पिनियन
पाण्यात नाही घातली. ३६ वाले रबर स्लिक (बिनखाचांचे) आहेत. दुकानदाराने माउंट करून दिले, मोल्डेड इन्सर्टसकट. वेगळे पैसे घेतले त्याचे. म्हणजे ते नीटच असणार ना.

सानिका_व
३६ योग्य आहे. २८-३२ थंडीतल्या डांबरासाठी, आपल्याकडे या दिवसांत ३६ किंवा ४०. पण माउंटिंग नीट आहे का ते हाताने तपासा. चाक काढा आणि अंगठ्याने टायर पूर्ण गोल फिरवत दाबत जा. सगळीकडे सारखं मऊ लागलं पाहिजे. मग चाक परत बसवा, गाडी डब्यावर ठेवा म्हणजे चाकं मोकळी राहतील, आणि पेनचं टोक टायरच्या जवळ धरून चाक हाताने सावकाश फिरवा. पेन आणि रबरातली फट कमीजास्त होत असेल तर टायर गोल बसलेला नाही.

आणि मामांनी सांगितलेली चाचणी खरंच करा. मागची दोन चाकं आपसात बदला, बाकी कशालाही हात लावू नका.

वडाची_साल
थोडं विषयांतर, पण घणसोलीत पार्किंगमध्ये पळवू देतात? आमच्याकडे कोलशेतला वॉचमन दहा मिनिटांत हाकलतो. उपवनच्या बाजूला संध्याकाळी माणसंच इतकी असतात की गाडी काढवत नाही. मुलाला नववीच्या सुट्टीत घेऊन दिलेली गाडी कपाटात पडून आहे.

खाडीपलीकडे
सेक्रेटरीला आधी भेटा. लेखी अर्ज द्या, रविवारी सकाळी ७ ते ९ एवढीच वेळ मागा. इलेक्ट्रिक गाडी आहे, आवाज आणि धूर नाही, हे आवर्जून लिहा. आणि सोबत एक माणूस फक्त पोरं आणि कुत्री मध्ये येत नाहीत ना हे बघायला ठेवा. १७.५ मोटरची गाडी पायावर आदळली तर घोटा सुजतो. पेव्हर ब्लॉकवर मात्र टूरिंग पळवू नका, चेसिस घासून जाते.

वडाची_साल
अर्जाची कल्पना चांगली आहे, आजच लिहितो. लायपो बॅटरी वर्षभर तशीच पडली असेल तर चार्ज केली तर चालेल का?

नौपाडाकर
चालणार नाही. आधी मीटरने प्रत्येक सेलचा व्होल्टेज बघा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला असेल किंवा पॅक फुगला असेल तर त्याला चार्जर लावू नका. आणि कपाटात ठेवायची तर पुढच्या वेळी ३.८ च्या आसपास आणून ठेवा, पूर्ण भरलेली नको. त्या मुलाच्या खोलीत चार्जिंग लावून झोपू नका, एवढं नक्की ऐका.

धाग्यावर परत येऊ या. पिनियन, चाकं बदलली का?

पिनियन
बदलली. आत्ताच पार्किंगमधून आलो.

आता उजवं वळण साफ आणि डाव्या वळणात उड्या! म्हणजे दोष चाकाबरोबर गेला. मामा, तुमचं बरोबर निघालं, मनापासून आभार.

अंगठ्यानेही तपासलं. जे चाक आधी डावीकडे मागे होतं, त्यात एका स्पोकच्या समोर टणक गाठ लागते आणि तिच्या शेजारी एकदम पोकळ. पेन धरलं तर फट एका जागी जवळपास मिटते.

पण सरळ रस्त्यावरची शेपूट अजून हलतेय. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. हा दोष चाकाबरोबर गेला नाही. आणि हा टायर आता सोडवायचा कसा? दुकानदार म्हणतो, वापरलेला माल परत घेत नाही. माउंटिंगचे पैसे घेताना मात्र तो अगदी तज्ज्ञासारखा बोलत होता.

गॅरेजमामा
वा! आता दुसरा दोष जागेवर राहिला, म्हणजे तो सस्पेन्शनचा. दोन वेगळे दोष होते, म्हणून गोंधळ झाला. असं होतं.

ऑफरोडवाला
ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवा. सगळं सुटतं.

सानिका_व
ॲसिटोन वापरायच्या आधी रिम कशाची आहे ते बघावं लागतं. नायलॉनची असेल तर टिकते, एबीएसची असेल तर विरघळून चिकट होईल. रबरही सुकतं. रविवार तोंडावर आलाय, तेव्हा तो धोका नको.

पाणी उकळा. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, एखादं टाकाऊ पातेलं घ्या. चाक वीसेक मिनिटं उकळत्या पाण्यात राहू द्या, वर तरंगतं म्हणून झाऱ्याने दाबून धरा. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, तोंड पातेल्यावर नको, कारण वाफेबरोबर गोंदाचा दर्प डोळ्यांना झोंबतो. मग जाड हातमोजे घालून एका कडेपासून टायर सोलत या. एकदम ओढू नका. जिथे अडतो तिथे परत पाण्यात. गरम आहे तोवरच सुटतं, गार झालं की पुन्हा धरून बसतं.

खाडीपलीकडे
उकळल्याने कंपाउंड कडक होतो. माझा अनुभव आहे. नवीन सेट घ्या.

नौपाडाकर
शनिवारपर्यंत नवीन सेट येणार कुठून? परदेशातून मागवलं तर दोन आठवडे आणि वर कस्टम. एक टायर थोडा कडक झाला तरी गाठीपेक्षा बरा.

पिनियन
उकळून सोडवला. आत जे दिसलं ते लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोग होईल.

फोमची आतली कड साधारण दोन बोटं रुंदीएवढी दुमडून स्वतःच्याच खाली गेली होती. टायर रिमवर चढवताना ती चिमटीत सापडली असणार. त्या जागी गोंद इतका ओतला होता की तो बीडमधून (टायरची रिमला चिकटणारी कड) आत झिरपून फोममध्ये शिरला आणि तिथे हरभऱ्याएवढा काचेसारखा खडा झाला. नखाने टोचला तर टकटक वाजतो. तोच अंगठ्याला लागत होता. दुमड होती तिच्या शेजारी फोमच नाही, नुसती पोकळी. बाकी निम्म्या घेरात बीड कुठेही चिकटलेला नव्हता, हाताने सुटला. रबरावर हात फिरवला तर तेलकट लागतं.

फोम कापून खडा काढला, पण तिथे खड्डा पडला. जुन्या टायरमधला फोम चांगला आहे, तोच घालतोय. आता चिकटवायला फेविक्विक चालेल का, की खास आरसीचा गोंद लागतो?

सानिका_व
तेलकट लागतं ते साच्यातून काढताना लावलेलं द्रव्य. ते न पुसता गोंद लावला म्हणून अर्धा बीड धरलाच नाही. हळदीकुंकवासारखा नुसता ठिपका लावून भागत नाही, जागा आधी स्वच्छ करावी लागते.

फेविक्विक चालेल. तो सायनोॲक्रिलेटच आहे आणि पातळ आहे, तेच हवं. टायरची आतली कड भांड्याच्या साबणाने घासून धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतर तिथे बोट लावू नका. रिमच्या खाचेत जुना गोंद राहिला असेल तर तो खरवडून काढा आणि पॉलिश पेपरने खाच खरखरीत करा.

इन्सर्ट आधी टायरमध्ये बसवा, बोटाने आतून पूर्ण फिरवून दुमड नाही ना बघा. मग रिम घाला. चिकटवण्याआधी चाक टेबलावर दाबून लोळवा, म्हणजे फोम आपली जागा घेतो. पुन्हा अंगठा फिरवा. याच टप्प्यावर चूक सापडली तर दोन मिनिटांत सुधारते, गोंदानंतर पातेलं काढावं लागतं.

गोंद एका बाजूला समोरासमोर चार ठिकाणी एकेक थेंब. कड किंचित मागे ओढायची, थेंब सोडायचा, कड सोडून दाबायची. चारही धरले की मधल्या जागा. थेंब आपोआप खाचेत पसरतो, ओतू नका. पूर्ण वाळल्यावरच दुसरी बाजू.

आपल्याकडे हवेत ओल असल्यामुळे हा गोंद पटकन धरतो, कारण तो ओलाव्यानेच कडक होतो. म्हणून दाबायला उशीर करू नका. आजूबाजूला पांढरी राख पडल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, ती त्याची वाफ बसलेली असते, पुसली जाते.

ऑफरोडवाला
दोन ट्यूबवालं एपॉक्सी जास्त मजबूत. मी तेच वापरतो.

सानिका_व
तुमच्या बगीला चालत असेल. एपॉक्सी घट्ट असतं, बीडच्या अरुंद फटीत आपणहून शिरत नाही, आणि टायर संपला की रिमही टाकावी लागते.

आता शेपटीचं. गाडी सपाट काचेवर ठेवा, बॅटरी आत, बॉडी काढलेली. मागच्या बाजूने चेसिसच्या बरोबर मध्यावर सुरीची बोथट कड घालून सावकाश उचला. दोन्ही मागची चाकं एकाच क्षणी सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर गाडीत पीळ आहे, यालाच ट्वीक म्हणतात. पुढूनही तसंच बघा. मग अँटी रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी सळई) सोडून परत बघा. फरक गेला तर बार वाकलाय किंवा अडकतोय. नाही गेला तर चारही शॉक काढून व्हर्नियरने लांबी मोजा. तीही सारखी असेल तर वरच्या डेकचे (चेसिसच्या वरच्या पट्टीचे) स्क्रू ढिले करा, चेसिस काचेवर तळहाताने दाबून धरा आणि स्क्रू एकाआड एक कसा. हे होईपर्यंत कॅम्बर, स्प्रिंग, तेल यांना हात लावू नका. पिळलेल्या गाडीवर केलेलं सेटिंग वाया जातं.

खाडीपलीकडे
हे बरोबर आहे. ट्वीक मीही दर रेसच्या आधी बघतो. तेल मात्र ४५० च.

पिनियन
मागचं उजवं चाक आधी सुटत होतं. बार सोडला तरी तेच. शॉक काढून मोजले, तर मागचा डावा उजव्यापेक्षा मिलिमीटरभर लांब. बॉल एंडचे (शॉकच्या टोकाच्या सांध्याचे) आटे कमी फिरवलेले आहेत. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्यापासूनच तसं असावं, कारण आट्यांवर जुनी धूळ घट्ट बसलेली होती. लांबी सारखी केली, आता दोन्ही चाकं एकदम सुटतात.

चाक वर लिहिल्याप्रमाणे चिकटवलं. राइड हाइट (चेसिसची जमिनीपासूनची उंची) पुढेमागे ५.५ मिमी, कॅम्बर चारही चाकांना उणे १.५ अंश, मागे टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) ३ अंश. तेल ४५० (खाडीपलीकडे, बाटली तीच घरात होती). संध्याकाळी पार्किंगमध्ये पळवली. उड्या गेल्या, दोन्ही वळणं सारखी. सरळ रस्त्यावर गाडी धरून चालते. ब्रेकला अगदी थोडी डावीकडे जाते, पूर्वीच्या मानाने काहीच नाही.

दुकानदाराला फोटो पाठवलेत. माउंटिंगचे पैसे तरी परत द्या म्हटलंय. उत्तर नाही.

गॅरेजमामा
पैसे मागत राहा. काम नीट केलं नाही तर मजुरी घेऊ नये. रेस ठाण्यात कुठे आहे? भाच्याला दाखवायला आणेन म्हणतो.

पिनियन
मामा, नक्की या. जागा आणि वेळ तुम्हाला निरोपात पाठवतो. मागची दोन चाकं तुमच्या भाच्याच्या हातूनच बसवून घेऊ.

सानिका_व
ब्रेकची थोडी ओढ राहिली आहे ती पुढची असेल. पुढचे दोन शॉक मोजलेत का ते लिहिलेलं नाही. तेही सारखे निघाले तर पुढचा टो दोन्ही बाजूंना सारखा आहे का बघा, स्टिअरिंग ट्रिम (रिमोटवरची बारीक जुळवणी) शून्यावर ठेवून. आणि दुकानदाराने चिकटवलेली बाकीची तीन चाकं आज रात्रीच अंगठ्याने तपासा. बीडची कडही नखाने थोडी ओढून बघा. सुटत असेल तर तिथे दोन थेंब सोडा आणि सकाळपर्यंत गाडी चाकांवर उभी करू नका.